लिंगभाव-अस्वस्थता : उपचारांचा वाद आणि पालघरची उणीव

जन्माच्या वेळी नोंदवलेले लिंग आणि स्वतःला आतून जाणवणारा लिंगभाव यांचा मेळ न बसल्यामुळे होणाऱ्या तीव्र व दीर्घकाळ टिकणाऱ्या त्रासाला मानसोपचारशास्त्र लिंगभाव-अस्वस्थता म्हणते. 2013 सालच्या अमेरिकी निदानसंहितेने विकार मानला तो हा त्रास, तो लिंगभाव नव्हे, आणि 2022 पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाने तर ही स्थिती मनोविकारांच्या प्रकरणातूनच बाहेर काढली.

यौवन सुरू होण्यापूर्वी यासाठी कोणतेही औषध दिले जात नाही. मुलाचे ऐकून घेणे, पालकांची भीती कमी करणे आणि सोबत नैराश्य किंवा स्वमग्नता आहे का हे तपासणे, एवढाच त्या वयातील उपचार असतो. वाद आहे तो पुढच्या टप्प्याचा. मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागातून ठरावीक अंतराने स्रवणारे एक संप्रेरक पीयूषिका ग्रंथीला चेतवते आणि त्यातून वृषण किंवा बीजांडकोष कामाला लागून मूल वयात येते. त्याच संप्रेरकाची कृत्रिम प्रतिकृती इंजेक्शनने अखंड पुरवली, की पीयूषिका काही आठवड्यांत प्रतिसाद देईनाशी होते आणि यौवन थबकते. अकाली यौवनावरचे हे औषध नेदरलँड्समधील तज्ज्ञांनी 1990 च्या दशकात लिंगभाव-अस्वस्थतेसाठी वापरले, ते निर्णयाला सवड मिळावी म्हणून. ही सवड मात्र फुकटची नाही, कारण हाडे झपाट्याने भरण्याच्या वयातच त्यांची घनता वाढण्याचा वेग मंदावतो. बालरोगतज्ज्ञ हिलरी कास यांच्या एप्रिल 2024 च्या अहवालाने या औषधांच्या लाभाचा पुरावा दुर्बळ ठरवला, तर अमेरिकेतील अनेक वैद्यकीय संघटना, काटेकोर तपासणीनंतर उपचार उपलब्ध असावेत, असे म्हणत आल्या आहेत. पुरावा तोकडा असताना छातीठोक बोलणे दोन्ही बाजूंना शोभत नाही.

पालघर जिल्ह्यातील माहीम, बोईसर किंवा तारापूरच्या कुटुंबाची अडचण या वादाच्या कितीतरी अलीकडची आहे. 2019 सालच्या तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याने समुपदेशन, संप्रेरकोपचार व शस्त्रक्रियेची सोय करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आणि ओळख प्रमाणपत्रासाठी अल्पवयीन मुलाच्या वतीने पालकांनी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा, असे ठरवले. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी वेगळा झाल्याने जिल्हाधिकारी जवळ आले, तज्ज्ञ मात्र चर्चगेटच्या दिशेने सुमारे 90 किलोमीटरवरच राहिले. शेजारच्या ठाणे जिल्ह्यात कल्याणला तृतीयपंथीयांसाठी चालणारे ‘मित्र’ केंद्रही अमेरिकेचा निधी थांबल्यामुळे 2025 च्या सुरुवातीला बंद पडले.

अशा पोकळीत ‘मुलाला सरळ करून देतो’ म्हणणाऱ्यांचे फावते. मग तो भगत असो वा पदवीधर. पदवीधरांपुरते तरी राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये अशा तथाकथित उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. शस्त्रक्रिया आणि संप्रेरके हा बराच पुढचा प्रश्न असून, घरात मूल गप्प राहू लागले असेल तर पालकांनी आधी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या विनामूल्य क्रमांकावर बोलावे. ती सेवा चोवीस तास चालते आणि मराठीतही मिळते.