धर्मबहिष्कार आणि राज्यसंस्था : १९६२ च्या एका निर्णयाचे परिशीलन

धर्मसंस्था आणि राज्यसंस्था ह्यांच्या विभक्तीकरणाचा विचार करताना अभ्यासकांची दृष्टी सामान्यतः अमेरिकेच्या घटनेतील १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीकडे अथवा फ्रान्समधील १९०५ च्या कायद्याकडे वळते. तथापि मुंबई प्रांताने १९४९ साली केलेल्या एका लहानशा कायद्यामुळे ह्या प्रश्नाची एक निराळीच बाजू पुढे आली. धर्मस्वातंत्र्य हे व्यक्तीचे की पंथाचे, आणि ह्या दोहोंत विरोध आल्यास राज्यसंस्थेने कोणाचा कैवार घ्यावा, असा तो प्रश्न होता.

त्यामागे मोठा इतिहास आहे. पेशवाईत ग्रामण्याचे तंटे सरकारदरबारी जात आणि बहिष्कार व प्रायश्चित्त ह्यांस राजसत्तेचा आधार असे. कंपनी सरकारने ह्यातून अंग काढून घेतले. एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीतील १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनाच्या २१ व्या कलमाने जातिविषयक प्रश्नांत न्यायालयांनी हात घालू नये असे ठरले. पुढे १८५० च्या एकविसाव्या कायद्याने बहिष्कृताचा मालमत्तेचा व वारशाचा हक्क सुरक्षित झाला खरा. परंतु पंक्तीतून उठविलेल्या आणि सोयरीक तुटलेल्या माणसाला ह्या हक्काचा दिलासा कितीसा? १८९० मधील पुण्याच्या पंचहौद मिशनातील चहापानामुळे रानडे व टिळक ह्यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नास तोंड द्यावे लागले. राज्यसंस्था अलिप्त राहिली तरी बहिष्काराचे शस्त्र बोथट झाले नाही, ते केवळ समाजाच्या हाती गेले.

१९४९ च्या मुंबई बहिष्कार-प्रतिबंधक कायद्याने ही अलिप्तता सोडली. रूढी वा परंपरा काहीही असो, कोणत्याही जमातीतून वा जातीतून केलेला बहिष्कार वैध मानला जाणार नाही, असे त्याने ठरविले व तसे कृत्य करणारास एक हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला. बहिष्काराची व्याख्या मात्र मर्यादित होती : दिवाणी दाव्याने मिळविता येण्याजोग्या हक्कांस ज्यामुळे माणूस मुकतो, अशीच हकालपट्टी तीत अभिप्रेत होती. मुंबई उच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला. दाऊदी बोहरा पंथाचे ५१ वे दाई सय्यदना ताहेर सैफुद्दीन ह्यांनी त्यास घटनेच्या २५ व २६ ह्या अनुच्छेदांच्या आधारे सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले.

९ जानेवारी १९६२ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने कायदा घटनाबाह्य ठरला. न्या. दासगुप्ता ह्यांच्या मते, धर्मतत्त्वांच्या भंगाबद्दल केलेला बहिष्कार हे पंथाचे ऐक्य राखण्याचे साधन असून तो २६(ख) खालील धर्मविषयक व्यवस्थेचाच भाग होय. एखादी गर्हणीय सामाजिक रूढी मोडल्याबद्दल होणाऱ्या बहिष्कारास आळा घालणे ही कदाचित सुधारणा ठरेल. निव्वळ धार्मिक कारणावरून केलेल्या बहिष्कारास बंदी घालणे मात्र समाजसुधारणा नव्हे. न्या. अय्यंगार ह्यांनी स्वतंत्र निकालपत्रात, सुधारणेच्या नावाखाली धर्माचे अस्तित्वच पुसण्याचा अधिकार विधिमंडळास नाही, असे बजावले.

सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा ह्यांनी भिन्नमत नोंदविले, आणि विचाराच्या दृष्टीने तेच अधिक मूलगामी आहे. बहिष्कृताला मशिदीतील उपासना व जमातीच्या दफनभूमीतील जागा नाकारली जाते. त्याची स्थिती अस्पृश्यासारखी होते. सतराव्या अनुच्छेदाने जी अवस्था नष्ट केली तिच्याशी हिचे साम्य आहे, आणि म्हणून हा कायदा व्यक्तीच्या सदसद्विवेकस्वातंत्र्याचे रक्षणच करतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. बहुमताने धर्म व समाज ह्यांत जी सीमारेषा ओढली ती कागदावर स्पष्ट दिसते. परंतु ज्याचे लग्नकार्य आणि मर्तिक दोन्ही एकाच जमातीच्या हाती असते, त्याच्यापुरती ती कोठे ओढावयाची, ह्याचे उत्तर बहुमताच्या निकालात सापडत नाही. उलट पक्षी, सिन्हा ह्यांचे मत टोकास नेल्यास कोणत्याही पंथास आपले सभासदत्व ठरविण्याचा अधिकार उरेल काय, ही शंकाही अनाठायी म्हणता येणार नाही.

ह्या निर्णयाच्या पुनर्विचारासाठी १९८६ साली याचिका दाखल झाली. दरम्यान जातपंचायतींच्या व कोकणातील गावकीच्या बहिष्कारांमुळे महाराष्ट्राने २०१६ चा सामाजिक बहिष्कार-विरोधी कायदा केला. तो ३ जुलै २०१७ पासून अमलात आला आणि त्याने १९४९ चा कायदा रद्द केला. नव्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. १० फेब्रुवारी २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १९६२ चा निर्णय फेरतपासणीस पात्र मानला. सव्विसाव्या अनुच्छेदातील हक्क नीतिमत्तेच्या अधीन आहे आणि ही नीतिमत्ता म्हणजे घटनात्मक नीतिमत्ता, ह्या भूमिकेवरून त्याने हा प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपविला.