पन्नाशीनंतरची स्वरलिपी

‘डॉक्टर, आता या वयात काय नवीन शिकणार?’ बाह्यरुग्ण विभागात हे वाक्य मी नेहमी ऐकतो. चौपन्नाव्या वर्षी पेटी शिकायला बसलो, तेव्हा तेच माझ्याही तोंडी आले. ऐकून वाजवायला जमत होते, पण वहीतले स्वर वाचताना सतत चुका होत. महिनाभराने, डोकेच चालेनासे झाले असे समजून मी वही मिटली.

खरे तर पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांच्या स्वरलिपीतल्या खुणा मोजक्याच आहेत. स्वराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल, मध्यमावर उभी रेघ म्हणजे तीव्र. स्वराखाली टिंब म्हणजे मंद्र सप्तक, वर टिंब म्हणजे तार. काहीच खूण नसेल तर शुद्ध स्वर, मध्य सप्तकातला. ओळीखाली तालाच्या खुणा: × म्हणजे सम, ० म्हणजे खाली. सोळा मात्रांच्या त्रितालात सम पहिल्या मात्रेवर, तर खाली नवव्या.

वाचून वाजवताना मात्र मेंदूला बरेच काम पडते. डोळ्यांनी खूण टिपायची, बोटाने पट्टी शोधायची, कानाने पडताळायचे आणि तोवर नजर पुढच्या मात्रेवर न्यायची. संगीत न शिकलेल्या प्रौढांना सुमारे तीन महिने पाश्चात्त्य स्वरलेखन वाचून वाजवायला शिकवल्याचा एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नजर आणि हालचाल यांची सांगड घालणाऱ्या मेंदूच्या भागात बदल दिसले. म्हणजे प्रौढ मेंदूही शिकतो. त्याने स्मृतिभ्रंश टळेल, अशी हमी मात्र देता येत नाही.

मग माझे अडले कुठे? चष्म्यात! जवळचे वाचण्याचा चष्मा साधारण ४० सेंटिमीटर अंतरासाठी असतो. माझी वही पेटीपलीकडे, ६५ सेंटिमीटरवर होती. कोमल गंधाराखालची रेघ दिसतच नव्हती, म्हणून मी शुद्ध गंधार वाजवत होतो. नेत्रतज्ज्ञांना अंतर मोजून सांगितले, त्यानुसार चष्मा करून घेतला आणि निम्म्या चुका थांबल्या.

आता रोज पंधरा मिनिटे बसतो. आधी हाताने ताल धरून सरगम मोठ्याने वाचतो, मग पेटी उघडतो. तुम्हीही ‘वय झाले’ म्हणून काही सोडून देण्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या. दोष वयाचाच असेल असे नाही.