नदीचे मूळ आणि घराण्याचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, अशी जुनी म्हण आहे. ऋषींच्या बाबतीत ती पाळावी हे योग्यच. परंतु सामान्य गृहस्थास आपले कूळ कधी ना कधी शोधावेच लागते. पूर्वी हा प्रश्न वतनाच्या तंट्यात किंवा सोयरीक जुळविताना उभा राही. आज तो बहुधा मुलाच्या महाविद्यालयीन प्रवेशाच्या वेळी उभा राहतो. जातीच्या दाखल्याची पडताळणी करताना इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, तर अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा मानला जातो. आणि ज्या पणजोबाचे नाव घरात कोणी वर्षानुवर्षे उच्चारले नाही, त्याच्या एका नोंदीसाठी सारे घर कचेरीच्या पायऱ्या झिजवू लागते.

इंग्लंडातील खेडेगावात हे काम बरेच सुलभ आहे. आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली हुकूम काढला की, प्रत्येक गावच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वही ठेवावी. पुढे १८३७ मध्ये सरकारी नोंदणी सुरू झाली आणि १८४१ पासूनच्या खानेसुमारीत घरोघरच्या माणसांची नावे मिळू लागली. हिंदुस्थानातही १८८१ पासून देशभर एकाच वेळी खानेसुमारी होऊ लागली. परंतु छापले गेले ते आकडे, माणसे नव्हेत. त्यामुळे खामगावसारख्या गावी एक वही उघडून भागत नाही. चार ठिकाणचे चार तुकडे जुळवावे लागतात.

पहिला तुकडा घरातच असतो. श्राद्धाच्या संकल्पात पिता, पितामह आणि प्रपितामह अशी तीन नावे उच्चारली जातात, व त्यांच्याबरोबर माता, पितामही आणि प्रपितामही यांचीही. ज्या घरी श्राद्ध विधिपूर्वक होते, तेथे सरकारी कागदात न सापडणारी स्त्रियांची नावे अशा रीतीने टिकून राहतात.

दुसरा तुकडा शाळेत. दाखल-खारीज रजिस्टरात मुलाचे नाव, बापाचे नाव, जात व जन्मतारीख असते. त्यातील जन्मतारखेवर मात्र आंधळा विश्वास टाकू नये. पालकांस तारीख ठाऊक नसली की गुरुजी अंदाजाने वय धरीत आणि १ जून किंवा १ जुलै असे लिहून मोकळे होत. एकाच वर्गातील निम्मी मुले एकाच दिवशी जन्मलेली आढळली, तर तो ग्रहयोग समजू नये.

तिसरा तुकडा विदर्भात 'कोतवाल बुक' म्हणून ओळखला जातो. गावातील जन्म आणि मृत्यू यांच्या ह्या नोंदींच्या नकला तहसील कचेरीतून मिळवितात. ह्या वहीचे मोल मोठे आहे. कारण जमिनीच्या कागदांत फक्त जमीनवाला येतो, पण जन्म-मृत्यूच्या वहीत भूमिहीन मजूरही येतो. तिच्यात एक अडचण मात्र आहे. नवजात बालकाचे नाव अद्याप ठेवलेले नसे, म्हणून पुष्कळदा बापाचे नाव, जात आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढेच लिहिलेले असते. तो मुलगा म्हणजे थोरला की धाकटा, हे शाळेच्या रजिस्टराशी ताडून पाहावे लागते.

चौथा तुकडा तीर्थक्षेत्री. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्याय यजमानांच्या नावांच्या वह्या ठेवीत आले आहेत. आलेला यजमान आपले गाव, आडनाव, भाऊ व मुले लिहवितो, आणि पुढल्या पिढीचा माणूस आला की तीच वही पुन्हा उघडते. यात्रा न घडलेल्या गरिबाचे नाव तेथे मिळणार नाही, हे उघड आहे.

खामगावकरांनी आणखी दोन गोष्टी ध्यानी धराव्यात. खामगाव तालुका १९०५ साली अकोला जिल्ह्यातून बुलढाणा जिल्ह्यात आला. तेव्हा त्यापूर्वीचा कागद बुलढाण्यास न मिळाल्यास अकोल्याकडे चौकशी करणे शहाणपणाचे होय. दुसरे असे की, गेल्या शतकाआधीच्या शतकात कापसाच्या व्यापाराने हे गाव भरभराटीस आले आणि १८७० साली जलंबहून येथवर आगगाडी आली. त्या काळी बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या घराण्यांचे मूळ खामगावात नव्हे, मूळ गावी शोधावे लागते.

जुना कागद हाती आला तरी तो वाचता आला पाहिजे. मराठी दप्तर बहुधा मोडीत असते, आणि १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली येण्यापूर्वीच्या निजामी कागदांत फारसीही भेटते. शक वर्षात ७८ आणि दक्षिणेतील फसली सनात ५९० मिळविले की इसवी सन साधारणपणे निघतो. 'विठोबा वल्द सखाराम' म्हणजे सखारामाचा मुलगा विठोबा. 'सीताबाई जौजे महादू' म्हणजे महादूची बायको सीताबाई. एका ओळीत दोन पिढ्या सापडतात, ही आपल्या पद्धतीची सोय आहे. परंतु नातवास आजोबाचे नाव ठेवण्याची चाल असल्यामुळे विठोबा, सखाराम, पुन्हा विठोबा अशी माळ होते, आणि उतावीळ शोधक आजा व नातू यांस एकच माणूस समजतो.

यावरून एक नियम निघतो. वंशवृक्ष मुळापासून शेंड्याकडे लिहू नये; शेंड्यापासून मुळाकडे उतरावे. प्रसिद्ध पुरुष आधी निवडून त्याच्याशी आपले नाते जोडणाऱ्यास पूर्वज मिळतो, पण सत्य मिळत नाही. आपल्यापासून बापाकडे, बापापासून आजाकडे, आणि प्रत्येक पायरीस निदान एक कागद, असे जावे. कागद थांबला की आपणही थांबावे व तेथे कोरी जागा सोडावी.

ह्या साऱ्या वह्या घराण्यासाठी लिहिलेल्या नव्हत्या. शाळेस हजेरी हवी होती, सरकारास सारा व मोजदाद हवी होती, उपाध्यायास यजमान हवा होता. ज्याची कोणास गरज नव्हती, ते कोणी लिहिले नाही. पणजीचे माहेर कोणते, लग्नापूर्वी तिचे नाव काय होते, दुष्काळात कोण गाव सोडून गेले, हे कोणत्याच रजिस्टरात आढळत नाही. ते घरातील वृद्ध स्त्रीच्या स्मरणात असते आणि तिच्याबरोबर जाते. कचेरीचे दप्तर उद्याही उघडे असेल. आजीची आठवण उद्या असेलच असे नाही. म्हणून कुळाचा शोध घेणाऱ्याने पहिली वही घरीच उघडावी, आणि तिच्या पहिल्या पानावर आजीचे माहेरचे नाव लिहावे.