लहरींची फोड, लहरींची बेरीज

आवाजाचा आलेख काढायचा, त्यात मिसळलेल्या लहरी सुट्या करायच्या, त्याच पुन्हा एकत्र करून ऐकायच्या. हे काम आज साध्या लॅपटॉपवर पायथनच्या दहा-पंधरा ओळींत होतं. या सोयीमागे दोनशे वर्षांची वाटचाल आहे. तिच्याकडे मागे वळून पाहताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. आवाजाची फोड बरोबर झाली की नाही, याचा निवाडा बहुतेक वेळा बेरीज ऐकल्यावरच झाला आहे.

सुरुवात झाली ती उष्णतेच्या गणितातून. १८०७ मध्ये जोसेफ फूरिये यांनी पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे असं मांडलं की, पुन्हापुन्हा येणारा कोणताही वक्र साध्या साइन लहरींच्या बेरजेतून उभा करता येतो. लाग्रांजसारख्या दिग्गजाला ते पटलं नाही. फूरियेंचं पुस्तक प्रसिद्ध व्हायला १८२२ साल उजाडलं. ही कल्पना आवाजाला नीट लावून दाखवली ती जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ यांनी, १८६३ च्या ग्रंथात. ते नुसती फोड करून थांबले नाहीत. विजेवर कंप पावणारे नादकाटे मांडून, प्रत्येकासमोरच्या अनुनादकाचं तोंड कमीजास्त उघडून त्यांनी स्वरवर्णांसारखे आवाज जुळवले. मूळ स्वराबरोबर कोणते उपस्वर किती जोरात वाजतात, यावर आवाजाची जात ठरते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

बेरीज कागदावर उतरवणारं एक देखणं यंत्र १८९८ मध्ये मायकेलसन आणि स्ट्रॅटन यांनी अमेरिकेत बनवलं. त्यात ८० स्प्रिंगा होत्या. प्रत्येक स्प्रिंग एका लहरीची, आणि सगळ्यांची ओढ एकत्र होऊन पेन वक्र काढायचं. मूळ लहर पूर्ण, तिसरी एक-तृतीयांश, पाचवी एक-पंचमांश, अशा विषम लहरी जोडत गेलं की चौकोनी लहर तयार होते. पण तिच्या कोपऱ्यांवर शिंगं उरतात. कितीही लहरी मिसळल्या तरी ती शिंगं नुसती अरुंद होतात. त्यांची उंची उडीच्या सुमारे ९ टक्क्यांच्या खाली जात नाही. गिब्ज यांनी १८९९ मध्ये ‘नेचर’मधल्या पत्रात याकडे लक्ष वेधलं. आज चौकोनी लहर रचणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला स्क्रीनवर तीच शिंगं भेटतात.

आपल्याकडे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी हा विचार वाद्यांकडे वळवला. साध्या गोल चामड्याच्या कंपनांचं गुणोत्तर १, १.५९, २.१४ असं वेडंवाकडं असतं, म्हणून त्यातून सूर निघत नाही. तबला-मृदंगाच्या पुडीवरची शाई हे आकडे जवळपास १, २, ३, ४, ५ वर आणून ठेवते. सिवकाली कुमार यांच्यासह रामन यांनी हे १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं. लहरींचं गणित ज्या कारागिरांनी कधी लिहिलं नाही, त्यांनी ते हातांनी सोडवलं होतं, हे त्यातून जगापुढे आलं.

संगणक या कथेत आला १९५७ मध्ये. न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये मॅक्स मॅथ्यूज यांनी ‘म्युझिक-१’ हा प्रोग्राम लिहिला. आयबीएम ७०४ हा संगणक न्यूयॉर्कमध्ये होता. तिथे आकडे काढायचे, चुंबकीय फीत घेऊन प्रयोगशाळेत परतायचं आणि मग त्या आकड्यांचा आवाज करायचा. पहिली रचना होती अवघ्या १७ सेकंदांची आणि एकाच आवाजाची. पुढच्याच वर्षी चार आवाज एकत्र वाजू लागले. १९६० च्या ‘म्युझिक-३’मध्ये लहर निर्माण करणारे, मिसळणारे, चढउतार देणारे छोटे भाग हवे तसे जोडता येऊ लागले. आजच्या अनेक ध्वनी-सॉफ्टवेअरच्या मुळाशी हीच मांडणी आहे.

याच प्रयोगशाळेत १९६० च्या दशकाच्या मध्यावर झॉं-क्लोद रिसे या फ्रेंच संगीतकार-शास्त्रज्ञाने जे केलं, ते मला या साऱ्या इतिहासाचं मर्म वाटतं. ट्रम्पेटच्या उपस्वरांचं प्रमाण पुस्तकांत दिलेलं होतं. त्या प्रमाणात लहरी मिसळल्या, तर निघालेला आवाज ट्रम्पेटचा वाटेना. रिसे यांनी खरे सूर ध्वनिमुद्रित करून क्षणाक्षणाची फोड केली. तेव्हा दिसलं की, सूर सुरू होताना वरचे उपस्वर किंचित उशिरा येतात आणि आवाज चढला की त्यांचं प्रमाण वाढतं. हा नियम प्रोग्राममध्ये घातला आणि ट्रम्पेट बोलू लागला. पुस्तकांतली सरासरी दशकानुदशकं चालून गेली होती, कारण तिची बेरीज करून ऐकायचं सोपं साधन नव्हतं.

पुढचा प्रवास वेगाने झाला. १९६५ मध्ये कूली आणि टुकी यांनी फूरिये-फोडीची झटपट रीत प्रसिद्ध केली. १०२४ आकड्यांच्या फोडीला जिथे सुमारे दहा लाख गुणाकार लागत, तिथे दहा हजारांच्या आसपास पुरू लागले. १९८४ मध्ये मॅटलॅब बाजारात आलं. २००० मध्ये ऑडॅसिटी आणि २००३ मध्ये मॅटप्लॉटलिब ही साधनं फुकट मिळू लागली.

आता याच साधनांनी तंबोऱ्याची जोडी रचून पाहावी. एक तार १३० हर्ट्झ, दुसरी १३०.५. आलेखात दर दोन सेकंदांनी लहर फुगते आणि ओसरते. हा विस्पंद. दोन्ही तारांचे दहावे उपस्वर १३०० आणि १३०५ होतात, म्हणजे तिथे सेकंदाला पाच विस्पंद. प्रत्येक उपस्वराची अशी स्वतःची लय असते. तरीही ही बेरीज कोरडी वाटते, कारण तीत जवारी नाही. तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वराचा निस्पंद बिंदू असतो, तो उमटू नये असा नियम आहे. तंबोऱ्यात तोही उमटतो, हे रामन यांनी १९२१ मध्येच नोंदवलं. घोडीचा रुंद, गोलसर माथा आणि तारेखालचं सूत यांची ती करामत. म्हणून प्रत्येक उपस्वराला वेगळा चढउतार द्यावा लागतो. तो दिला की मिरजेच्या कारागिराची जवारी किती बारीक काम आहे, हे कानांना पटतं.

उलटंही घडतं. तेच उपस्वर, तेवढेच जोरकस, फक्त पुढेमागे सरकवले, तर आलेखाचा आकार पार बदलतो. कानाला मात्र फरक जेमतेमच जाणवतो. डोळ्याला मोठा वाटणारा बदल कानाला क्षुल्लक असू शकतो, आणि कानाला खटकणारा आलेखात लपून राहू शकतो.

म्हणूनच वाटतं की, आपल्या महाविद्यालयांतल्या भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकात लहरींच्या बेरजेचा आलेख जर्नलात चिकटवून तास संपू नये. विद्यार्थ्याने ती बेरीज वाजवावी, खऱ्या वाद्याशेजारी ठेवून ऐकावी आणि दोन्हींत काय वेगळं आहे ते लिहावं. हेल्महोल्ट्झ यांना त्यासाठी नादकाट्यांची रांग उभारावी लागली, मॅथ्यूज यांना फीत घेऊन दुसऱ्या गावाहून यावं लागलं. आपल्या विद्यार्थ्यांना एक संगणक आणि हेडफोन पुरेत. एवढं स्वस्त झालेलं साधन हाताशी असताना अर्धाच प्रयोग शिकवणं हे विषयाचंही नुकसान आहे आणि त्यांचंही.