परवलीचा शब्द बरोबर, तरी दार बंद!

संगणक सुरू होतो, लिनक्सचा प्रवेशपडदा दिसतो. आपण परवलीचा शब्द टंकतो, पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा तोच प्रवेशपडदा समोर येऊन उभा राहतो. शब्द चुकल्याची सूचनाही नसते. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर जुना पण धडधाकट संगणक लिनक्सकडे वळविणाऱ्यांना हा अनुभव कधी ना कधी येण्याचा संभव आहे. अशा वेळी घाबरून प्रणाली नव्याने बसविण्याचा मोह होतो. त्यात डिस्क पुसली गेली, तर वर्षानुवर्षांची छायाचित्रे आणि कागदपत्रे कायमची हातची जातात. वास्तविक अशा प्रसंगी आपल्या फाइल्स बहुधा जागच्या जागी सुरक्षित असतात.

हे समजण्यासाठी प्रवेशाची रीत पाहू. लिनक्समध्ये ओळख पटविणे आणि डेस्कटॉप उभा करणे ही दोन वेगळी कामे आहेत. जीडीएम, लाइटडीएम, एसडीडीएम यांसारखा कार्यक्रम देवडीवरच्या पहारेकऱ्याचे काम करतो. खात्यांची यादी 'ईटीसी' या फोल्डरमधील 'पासवर्ड' नावाच्या फाइलीत, तर परवलीच्या शब्दांची सांकेतिक रूपे 'शॅडो' या फाइलीत असतात. शब्द जुळला की पहारेकरी आत सोडतो. त्यानंतर डेस्कटॉपला आपल्या होम फोल्डरमध्ये काही लहान फाइल्स लिहाव्या लागतात. तेथे अडथळा आला की डेस्कटॉप कोसळतो आणि आपण पुन्हा देवडीवर येतो. म्हणजे कुलूप उघडलेले असते, अडचण घराच्या आत असते.

शब्द चुकल्याची सूचना येत असेल, तर मात्र आधी कळफलक तपासावा. कॅप्स लॉक सुरू आहे का, हे पाहावेच. शिवाय मराठी टंकनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक जोडला असेल, तर प्रवेशपडद्यावर तोच निवडलेला नाही ना, याची खात्री करावी.

सूचना न येता पडदा परत येत असेल, तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या कळा एकत्र दाबाव्यात. काळ्या पडद्यावर अक्षरी प्रवेशद्वार उघडते. तेथे खात्याचे नाव व परवलीचा शब्द द्यावा. टंकताना तारकाही उमटत नाहीत. तो बिघाड नव्हे. येथे प्रवेश मिळाला, तर खाते आणि शब्द दोन्ही ठीक आहेत, हे सिद्ध झाले. पुढील आज्ञा रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकाव्यात.

पहिली तपासणी जागेची. 'डीएफ' ही आज्ञा देऊन एक जागा सोडावी आणि उणे चिन्हाला जोडून 'एच' लिहावे. मुख्य भाग किंवा होमचा भाग १०० टक्के भरलेला दिसला, तर दोषी सापडला. लिनक्सच्या प्रचलित ईएक्सटी४ रचनेत सुमारे ५ टक्के जागा 'रूट' या सर्वाधिकारी खात्यासाठी राखीव असते. त्यामुळे प्रणाली चालू राहते, पण सामान्य खात्याला एक अक्षरही लिहिता येत नाही. उबुंटू किंवा मिंटवर 'सुडो एपीटी क्लीन' या आज्ञेने उतरवून घेतलेली जुनी पॅकेजेस निघून जातात. नको असलेल्या मोठ्या फाइल्स हलविल्यास आणखी जागा मोकळी होते.

दुसरी तपासणी मालकीची. 'एलएस' लिहून, जागा सोडून, उणे चिन्हाला जोडून 'एलए' लिहिल्यास लपलेल्या फाइल्सही मालकाच्या नावासह दिसतात. आरंभी टिंब असलेली 'एक्सऑथॉरिटी' ही फाइल आपल्याऐवजी 'रूट'च्या नावावर दिसली, तर लाइटडीएमसारख्या पहारेकऱ्याकडे प्रवेश अडू शकतो. 'सुडो' लावून चित्रमय कार्यक्रम चालविल्याचा हा परिणाम असू शकतो. 'एमव्ही' या आज्ञेने त्या फाइलीचे नाव बदलावे. पुढच्या प्रवेशाच्या वेळी ती नव्याने तयार होते. फाइल पुसण्यापेक्षा नाव बदलणे बरे, कारण माघार घेता येते.

एवढ्यानेही भागले नाही, तर 'सुडो अ‍ॅडयूजर' या आज्ञेने एक नवे खाते उघडावे आणि त्यातून डेस्कटॉपवर प्रवेश करून पाहावा. नवे खाते चालले, तर दोष जुन्या खात्याच्या मांडणीत आहे. तेही अडले, तर दोष साऱ्या प्रणालीचा, बहुधा ग्राफिक्स ड्रायव्हरचा किंवा 'टीएमपी' या तात्पुरत्या फोल्डरच्या परवान्यांचा. त्या फोल्डरचा परवाना १७७७ असावा लागतो. अद्ययावतीकरणानंतर बिघाड झाला असल्यास आरंभीच्या ग्रब सूचीतून जुने कर्नल निवडून पाहावे.

एक सावधगिरी मात्र विसरू नये. खात्याला एखाद्या नव्या गटात घालताना 'यूजरमॉड' या आज्ञेला मोठ्या 'जी'बरोबर लहान 'ए' जोडलाच पाहिजे. तो राहिला, तर खाते आधीच्या इतर गटांतून बाहेर पडते. त्यांत 'सुडो' गट असला, तर स्वतःच्याच संगणकावरचे आपले अधिकार जातात.

परवलीचा शब्दच विसरला असेल, तर ग्रबमधील रिकव्हरी मार्गाने तो अनेकदा बदलता येतो. पण जे आपल्याला जमते, ते संगणक हाती लागलेल्या चोरालाही जमू शकते. म्हणून महत्त्वाची माहिती असलेली डिस्क सांकेतिक स्वरूपात ठेवणे हिताचे. मात्र तिचा परवलीचा शब्द विसरल्यास अशी पळवाट उरत नाही. तेव्हा दुरुस्ती कोणतीही असो, फाइल्सची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर असू द्यावी. मग दार अडले, तरी ऐवजाची चिंता राहत नाही.