पत सुधारून देणारे दलाल

पूर्वी गावचा वाणी ज्यास उधारीवर धान्य देई, त्याची गावात पत आहे असे म्हणत. ती पत वाण्याच्या वहीत लिहिलेली असे. आता ती वही फार मोठी झाली आहे. २००० साली मुंबईत 'सिबिल' ही संस्था निघाली. आज आपल्या देशात अशा चार संस्था आहेत. कोणी किती कर्ज घेतले, हप्ते वेळेवर भरले की थकविले, हे बँका या संस्थांस कळवितात. त्यावरून प्रत्येक कर्जदाराचा अहवाल व ३०० ते ९०० यांमधील गुणांक तयार होतो. वडील माणसांची ही गुणपत्रिकाच होय. मुलांच्या उच्च शिक्षणासाठी कर्ज काढताना आईबापांस बहुधा सहकर्जदार व्हावे लागते व बँक ही गुणपत्रिका पाहते. म्हणून विद्यार्थ्यांनीही हा विषय समजून घ्यावा.

आमच्या परिचयाच्या एका पालकांनी दुचाकीचे कर्ज पुरते फेडले होते. तरी अहवालात ते थकलेलेच दिसे. कन्येच्या प्रवेशाची मुदत जवळ आलेली. तेव्हा एका दलालाने "पंधरा दिवसांत सिबिल सुधारून देतो" असे सांगून आठ हजार रुपये आगाऊ घेतले. दीड महिना गेला, काहीच झाले नाही. शेवटी त्यांनी कर्ज फिटल्याचा दाखला शोधून स्वतःच तक्रार केली व नोंद दुरुस्त झाली. कन्येचा प्रवेश कसाबसा साधला. आठ हजार मात्र गेले.

असे का झाले? २००५ च्या कायद्याप्रमाणे अहवालातील चूक दुरुस्त करून मागण्याचा हक्क खुद्द कर्जदाराचा आहे. तक्रार आली म्हणजे ती संस्था संबंधित बँकेस विचारते, आणि बँकेने रुकार दिल्यावरच नोंद बदलते. दलालासही याच दाराने जावे लागते. त्याच्यापाशी निराळी किल्ली नसते. शिवाय हे दार विनामूल्य आहे. प्रत्येक संस्थेकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तक्रारीचा निकाल ३० दिवसांत न लागल्यास पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई देण्याचा नियम रिझर्व्ह बँकेने २०२३ साली काढला, व तो २०२४ च्या एप्रिलपासून अमलात आला. तरीही दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

मग नोंद खरीच असेल तर? हप्ते खरोखर थकले असतील, तर ती नोंद पुसण्याचे सामर्थ्य कोणत्याही दलालात नाही. माहिती निदान सात वर्षे जपून ठेवण्याचे बंधन या संस्थांवर आहे. तडजोड करून कमी रकमेत कर्ज मिटविले, तर तीही गोष्ट अहवालात लिहिली जाते. येथे उपाय एकच: थकलेले फेडावे, पुढचे हप्ते वेळेवर भरावे, आणि धीर धरावा. गुणांक सावकाश वर येतो.

हा धंदा केवळ आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेत तो इतका माजला की १९९६ साली तेथे कायदा करून, काम पुरे होण्यापूर्वी मोबदला घेण्यास अशा लोकांस मनाई करावी लागली.

पालकांस आमची विनंती आहे की, कर्ज फिटताच दाखला मागून घ्यावा व तो जपावा. वर्षातून एकदा आपला अहवाल पाहावा. दुसऱ्यास जामीन राहण्यापूर्वी विचार करावा, कारण त्याची थकबाकी आपल्याही अहवालात उतरते. आणि आपले आधार, पॅन वा भ्रमणध्वनीवर येणारा ओटीपी परक्याच्या हाती कदापि देऊ नये. विद्यार्थीमित्रहो, तुमच्यापैकी पुष्कळांस इंग्रजी वाचता येते व संगणक चालविता येतो. घरी वडील अशा दलालाकडे निघाले असतील, तर त्यांस थांबवा आणि तक्रारीचा अर्ज त्यांच्याशेजारी बसून तुम्हीच भरून द्या.