मुस्तफा कोणत्या नावाने शोधायचा?

जळगावातल्या माझ्या वयाच्या कुठल्याही पिंप्राळेकराला ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ म्हणजे काय ते विचारा, तो नुसता बघत राहील. ‘मुस्तफा’ म्हणा, लगेच त्याची बोटं बटणं दाबायला लागतील. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ साली काढलेला हा मारामारीचा गेम. जॅक, हॅना, मेस आणि मुस्तफा अशी चार पात्रं, आणि पडद्यावर एका वेळी तिघांना खेळता यायचं. मुस्तफा सगळ्यांत चपळ, धावत येऊन लाथ घालायचा, म्हणून त्याच्यावरून भांडणं व्हायची. मशीनवर डकवलेलं चित्र बऱ्याचदा भलत्याच गेमचं असे आणि पडद्यावरचं इंग्रजी नाव वाचायला थांबतं कोण? जळगावच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये गेमचं नाव मुस्तफाच होतं. पुढे कळलं की देशभर हेच नाव चालत होतं, कोणी ठरवलेलं नसताना.

आता संध्याकाळी झेरॉक्सचं दुकान आवरलं की मी मराठी विकिपीडियावर थोडंफार लिहितो. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, सुरू झालेला हा ज्ञानकोश. तिथे लेख लिहिण्यापेक्षा लेखाला नाव काय द्यायचं यावर जास्त डोकं खर्च होतं, आणि व्हिडिओ गेमच्या बाबतीत तर फारच. इंग्रजी विकिपीडियाने गेमच्या नावांसाठी वेगळे संकेत लिहून ठेवले आहेत. वरवर किरकोळ कारकुनी वाटते, पण त्यातला प्रत्येक नियम कुठल्या तरी खऱ्या घोळातून आलेला आहे.

पहिलं सूत्र सोपं: कंपनीच्या कागदांवर काहीही असो, लोक ज्या नावाने ओळखतात ते नाव. मग मुस्तफा हेच शीर्षक का नको? कारण ‘लोक ओळखतात’ हे ठरवायचं कसं, तर छापील आणि विश्वासार्ह लिखाणात कोणतं नाव येतं ते पाहून. पार्लरमधल्या पोरांनी काही छापलेलं नाही. मला हा नियम पटतो, आणि त्याचा रागही येतो.

दुसरा घोळ एकाच नावाच्या अनेक वस्तूंचा. कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स हा मुळात गेम नव्हेच. मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराची ‘झेनोझोइक टेल्स’ नावाची चित्रकथा होती, तिच्यावरून हे सगळं निघालं, आणि त्याच नावाची कार्टून मालिकाही १९९३ मध्येच टीव्हीवर आली. म्हणून शीर्षकापुढे कंसात ‘व्हिडिओ गेम’ असं लिहावं लागतं. मराठी विकिपीडियावर या कामाला निःसंदिग्धीकरण असा भारदस्त शब्द आहे. आम्हा खानदेशी माणसांना हे शिकवायची गरज नाही. आमच्याकडे पिंपळावरून नाव पडलेली गावं मोजता मोजता पुरेवाट होते: पिंप्राळा, पिंप्री, पिंपळगाव हरेश्वर, पिंपळनेर. एकट्या चाळीसगाव तालुक्यात पिंपळवाड म्हाळसा आणि पिंपळवाड निकुंभ. सातबाऱ्यावर खुर्द, बुद्रुक लिहिल्याशिवाय जमीन कोणाची ते कळत नाही. पण नुसतं ‘जळगाव’ म्हटलं की आमचंच शहर समजायचं, जामोद असेल तर ते बुलढाणेकराने पुढे जोडायचं. कोशातही तसंच चालतं. ज्याला बहुतेक लोक शोधतात त्याला नाव मोकळं मिळतं, कंस उरलेल्यांच्या वाट्याला.

गेमवाल्या कंपन्या मात्र गावांपेक्षा वाईट. जुनं नाव चाललेलं असलं की तेच नव्या गेमला पुन्हा देतात. डूम १९९३ चा आणि डूम २०१६ चा. टूम रेडर १९९६ आणि २०१३. गॉड ऑफ वॉर २००५ आणि २०१८. इथे कंसात ‘व्हिडिओ गेम’ लिहून भागत नाही, सालही घालावं लागतं. आकड्यांचं तर विचारूच नका. ‘फायनल फँटसी’ या मालिकेचा सहावा भाग १९९४ मध्ये अमेरिकेत ‘तिसरा’ म्हणून विकला गेला, कारण मधले काही भाग तिकडे गेलेच नव्हते. ‘स्ट्रीट फायटर २’ मधल्या मुष्टियोद्ध्याचं जपानी नाव होतं एम. बायसन. ते माइक टायसनच्या फार जवळ जातं म्हणून परदेशी आवृत्तीत तीन खलनायकांनी आपापसांत नावं बदलून घेतली. म्हणजे जपानी माणूस बायसन म्हणाला की त्याच्या डोळ्यांपुढे वेगळाच इसम. पात्रावर लेख लिहिणाऱ्याने काय करावं?

आजच्या पोरांचा मुस्तफा म्हणजे पब्जी. २०१७ साली आलेल्या या गेमचं नाव ‘प्लेअरअननोन्स बॅटलग्राउंड्स’ असं लांबलचक होतं. ते कुणीच उच्चारत नव्हतं. शेवटी २०२१ मध्ये कंपनीनेच नमतं घेऊन ‘पब्जी: बॅटलग्राउंड्स’ करून टाकलं. भारतात २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने पब्जी मोबाइलवर बंदी घातली, आणि २ जुलै २०२१ रोजी ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ आला. माझा पुतण्या तोच खेळतो आणि पब्जी खेळतोय म्हणतो. कोशाला मात्र तसं म्हणून चालत नाही. मूळ गेम, त्याची मोबाइल आवृत्ती आणि भारतातली आवृत्ती कुठे वेगळी काढायची आणि कुठे एकत्र ठेवायची ते ठरवावंच लागतं.

मराठीत आणखी एक स्वतंत्र डोकेदुखी आहे. इंग्रजीतली मोठ्या-छोट्या लिपीची भांडणं आपल्याकडे नाहीत, ते सुख. पण ‘ॲक्शन’ लिहायचं असेल तर पहिलं अक्षर एक अखंड चिन्ह म्हणून उमटवता येतं, किंवा ‘अ’ वर अर्धचंद्र चढवून. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, संगणकाला ती दोन वेगळी अक्षरं. ‘ए’ वर अर्धचंद्र देणारे निराळेच. लेख असूनही शोधणाऱ्याला सापडत नाही तो यामुळे.

यावरचा इलाज म्हणजे पुनर्निर्देशन. चुकीच्या, जुन्या किंवा लाडक्या नावाने आलेल्याला गुपचूप योग्य लेखावर नेऊन सोडायचं. छापील कोशातही ही सोय होतीच. मूळचे आमच्या धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईला बसून जो मराठी विश्वकोश उभा केला, त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये आला. त्यात एका नोंदीतून दुसरीकडे बोट दाखवणारे बाण जागोजागी आहेत. कागदावर अशा प्रत्येक बाणाला जागा लागते, म्हणून हात आखडता. संगणकावर एका लेखाकडे कितीही वाटा काढल्या तरी खर्च नाही, म्हणून मी या बाबतीत उदार आहे. शीर्षक कंपनीचं राहू दे, पण पोरगं ज्या नावाने हाक मारील त्या नावाने दार उघडलं पाहिजे.

शीर्षकाच्या चर्चेत मला हमखास विचारलं जातं: मुस्तफा हे नाव कुठे छापून आलंय, दाखवा. बरं, आता मासिकात आलं.